व्हिएन्नाचे विद्यार्थी आणि दाराजवळचे घंगाळ



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, यंदा हात धुण्यावर बोलतो. त्यांनी वहीत तसे लिहून घेतले, पण तोंडावरचे आश्चर्य काही लपले नाही. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्यकातला अधिकार माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी जे सांगणार आहे तो इतिहास आहे, आणि इतिहास वाचायला पदवी लागत नाही.

या विषयाकडे मी कसा वळलो ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका इस्पितळातील आया आणि सफाई कामगार आमच्या युनियनकडे आले. चार बायांना मेमो मिळाला होता. आरोप असा की, त्या हात न धुता वॉर्डात काम करतात. मी वॉर्ड पाहायला गेलो. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या दाखवणारे मोठे रंगीत चित्र होते. जवळच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वच्छता सप्ताहात ते लावले होते. चित्राच्या खाली बेसिन होते. मी नळ फिरवला, तर आतून नुसता वारा आला. तीन महिने त्या नळाला पाणी नव्हते. बाया जिन्याखालच्या मोरीतून बादली भरून आणीत आणि तीच दिवसभर पुरवीत.

त्या दिवशी तेथे दोन विद्यार्थी भेटले. चांगली, हुशार मुले होती. हात का धुवावेत, केव्हा धुवावेत, किती वेळ धुवावेत, सारे त्यांनी न चुकता सांगितले. मी सहज विचारले, "आज सकाळपासून तुम्ही कुठे धुतलेत?" दोघे एकमेकांकडे पाहून हसले. मला त्यांचा राग आला नाही, कारण मीसुद्धा तीन वॉर्ड फिरून तसाच उभा होतो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. माणसाला माहीत असते आणि तरी तो करीत नाही, हे कसे? या प्रश्नाचा माग काढीत मी वाचीत गेलो आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या व्हिएन्ना शहरात जाऊन पोचलो. तेथेही विद्यार्थी होते, हात होते आणि मरणाऱ्या बाया होत्या.

व्हिएन्ना ही त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची राजधानी. तेथील सार्वजनिक रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली उघडले. त्यात गरीब बायांसाठी प्रसूतिगृह होते. ज्यांना घर नाही, नवरा नाही, दाई बोलावण्याइतके पैसे नाहीत अशा बाया तेथे येत. मोलकरणी येत, कष्टकरणी येत, अविवाहित मुली येत. बाळंतपण फुकट होई आणि मुलाला अनाथगृहात ठेवण्याची सोय असे. त्याची परतफेड म्हणून आपल्या देहावर विद्यार्थ्यांनी शिकावे, हे त्यांना मान्य करावे लागे. श्रीमंत बाया घरीच बाळंत होत. हे आरंभीच ध्यानात ठेवावे, कारण पुढे ज्या मरणांचे आकडे येणार आहेत ती सगळी या वर्गातली मरणे आहेत.

प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० सालापासून सरकारी आदेशाने अशी वाटणी झाली की, पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकतील आणि दुसऱ्या विभागात सुईणीचे शिक्षण घेणाऱ्या बाया शिकतील. दोन्ही विभागांत आलटून पालटून चोवीस चोवीस तास बाया दाखल करून घेत. म्हणजे कोणती बाई कोणत्या विभागात जाणार, हे ती कोणत्या दिवशी येऊन पोचते यावर ठरे. इमारत एकच, वस्ती एकच, अन्नही एकसारखे. शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग मांडावा तशी ही वाटणी आपोआप झाली होती.

आता आकडे पाहा. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली आणि १,९८९ बाया दगावल्या. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणे झाली आणि ६९१ बाया दगावल्या. विद्यार्थ्यांकडे शंभरात दहा, सुईणींकडे शंभरात चार. १८४२ साल तर असे गेले की, विद्यार्थ्यांच्या विभागात ३,२८७ बायांपैकी ५१८ परत घरी गेल्या नाहीत. सुईणींच्या प्रमाणात मरणे झाली असती तर सहा वर्षांत पहिल्या विभागात सुमारे ७८० बाया दगावल्या असत्या. म्हणजे बाराशेच्या वर बाया केवळ चुकीच्या दिवशी दाखल झाल्या म्हणून मेल्या.

रोगाचे नाव सूतिकाज्वर. बाळंतपण नीट होई, मूल रडे, आणि एकदोन दिवसांत बाईला थंडी वाजून ताप भरे, पोट फुगे, आणि आठवड्याच्या आत सगळे आटोपे. आपल्याकडे जुन्या बाया या तापाच्या नुसत्या नावाला भीत, तशी व्हिएन्नातही भीती होती. पहिल्या विभागाची कीर्ती सगळ्या शहरात पसरली होती. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळले की बाया गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे पाठवा म्हणून विनवीत. काही जणी वाटेतच, रस्त्याच्या कडेला बाळंत होत आणि मग मूल पदरात घेऊन दवाखान्यात येत. चमत्कार असा की, रस्त्यावर बाळंत झालेल्या या बाया आत बाळंत झालेल्यांपेक्षा कमी मरत. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांना जे कळत होते, ते प्राध्यापकांना कळत नव्हते.

प्राध्यापकांपाशी उत्तरे नव्हती असे मात्र नाही. उलट फारच होती. कोणी म्हणे, हवेत विष आहे. कोणी म्हणे, ग्रहताऱ्यांचा आणि भूमीचा परिणाम आहे. कोणी गर्दीला दोष देई, पण गर्दी सुईणींच्या विभागातही होती. कोणी म्हणे, पुरुषांनी तपासल्यामुळे बायांना लाज वाटते आणि त्यातून ताप येतो. पाद्री मरणाऱ्या बाईकडे जाताना पुढे घंटा वाजवीत वॉर्डांतून जाई, त्याच्या धास्तीने बाकीच्या आजारी पडतात असेही एक मत होते. १८४६ च्या अखेरीस समितीने विचार करून दोष विद्यार्थ्यांच्या धसमुसळेपणाला दिला, त्यातही परदेशी विद्यार्थ्यांच्या. विद्यार्थ्यांची संख्या बेचाळीसवरून वीसवर आणली आणि परदेशी मुलांना जवळजवळ बंदी केली. काहीच सुचेना तर बाहेरगावच्या माणसावर ढकलावे, ही रीत कारखान्यात मी पुष्कळ पाहिली आहे. ती इतकी जुनी असेल असे वाटले नव्हते.

याच पहिल्या विभागात १८४६ च्या जुलैमध्ये इग्नाझ सेमेलवाइस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा मदतनीस डॉक्टर नेमला गेला. हा हंगेरीतील बुडा गावच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्याची जर्मन बोली राजधानीच्या माणसांना गावंढळ वाटे. माणूस कष्टाळू होता. रोज सकाळी वॉर्डात जाण्यापूर्वी तो शवागारात जाई आणि आदल्या दिवशी मेलेल्या बायांची प्रेते उघडून मरणाचे कारण शोधी. त्याच्यामागून विद्यार्थीही तेथे जात. रोकिटान्स्की या थोर शास्त्रज्ञाने व्हिएन्नाचे शवविच्छेदन साऱ्या युरोपात गाजवले होते. ते शिकण्यासाठी दूरदूरच्या देशांतून मुले येत. सकाळी प्रेते, मग तेच हात घेऊन बाळंतिणी, असा त्यांचा दिनक्रम होता. सुईणी मात्र प्रेतांना हात लावीत नसत. त्यांच्या अभ्यासक्रमात ते नव्हतेच.

येथे एक जुना आकडा सांगण्यासारखा आहे. १८२२ पर्यंत बोएर नावाचे प्राध्यापक हा विभाग चालवीत. ते विद्यार्थ्यांना प्रेतावर न शिकवता पुतळ्यावर शिकवीत. त्यांच्या काळापर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास होते. त्यांच्या जागी क्लाइन आले, प्रेतांवर शिक्षण सुरू झाले आणि पुढच्या दहा वर्षांत प्रमाण शेकडा पाचावर गेले. शास्त्र पुढे जात होते आणि बाया अधिक मरत होत्या. हे वाक्य ऐकायला विपरीत वाटते, पण रुग्णालयाच्या नोंदवह्यांतून तेच निघते. त्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनांची नावे इतिहासात नाहीत. त्यांनी रकाने नीट भरले नसते तर पुढचे काहीच कळले नसते. हजेरीपटावर आयुष्य गेलेला माणूस म्हणून मी त्यांना नमस्कार करतो.

१८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइस सुट्टी काढून व्हेनिसला गेला होता. परत आला तेव्हा त्याचा मित्र कोलेच्का मेल्याची बातमी समोर आली. कोलेच्का न्यायवैद्यकाचा प्राध्यापक. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली, जखम चिघळली, ताप भरला आणि १३ मार्चला तो गेला. त्याच्या शवचिकित्सेचा अहवाल सेमेलवाइसने वाचला. सुजलेली तीच आवरणे, तोच पू. त्याने शेकडो बाळंतिणींच्या शरीरात जे पाहिले होते ते सारे येथे एका पुरुषाच्या शरीरात होते! पुरुषाला सूतिकाज्वर कसा होईल? उत्तर एकच होते. प्रेतातले काहीतरी सुरीवाटे त्याच्या रक्तात गेले. आणि तेच काहीतरी विद्यार्थ्यांच्या बोटांवाटे बायांच्या शरीरात जात होते.

विद्यार्थी घाणेरडे होते असा समज कोणी करून घेऊ नये. ते साबणाने हात धूत. पण धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास दिवसभर येई, आणि त्या वासाची कोणाला लाज नव्हती. तो शिकलेपणाचा वास होता. सेमेलवाइसने विचार केला की, वास उरतो त्या अर्थी ते द्रव्यही उरते. वास घालवणारे औषध शोधावे. त्याने प्रथम क्लोरिनचे पाणी घेतले. ते महाग पडले म्हणून पुढे स्वस्तातली क्लोरिनची चुनापूड आणली, जिला आपण ब्लीचिंग पावडर म्हणतो. १८४७ च्या मेच्या मध्यावर पहिल्या विभागाच्या दाराजवळ या पाण्याचे घंगाळ ठेवले गेले आणि नियम झाला की, शवागारातून येणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात घासून मगच आत पाऊल टाकायचे. प्राध्यापकांचीही यातून सुटका नव्हती.

एप्रिल १८४७ मध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ बाया गेल्या होत्या, शेकडा अठरा. जूनमध्ये २६८ पैकी सहा गेल्या. जुलैमध्ये २५० पैकी तीन. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, सबंध वर्षात ३,५५६ बाळंतपणे झाली आणि ४५ बाया दगावल्या. सुईणींच्या विभागात त्या वर्षी ३,२१९ पैकी ४३. दोन्ही बाजू शेकडा सव्वावर येऊन भिडल्या. यासाठी नवी इमारत लागली नाही, परदेशी यंत्र लागले नाही. एक घंगाळ, एक ब्रश आणि पुडीभर पावडर पुरली.

मधली एक गोष्ट गाळून चालणार नाही. त्याच १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची एक बाई बाळंतपणासाठी आली आणि पहिल्या खाटेवर तिला ठेवले. फेरी तिच्यापासून सुरू होई. तिला तपासून विद्यार्थी नुसत्या साबणाने हात धूत आणि पुढच्या खाटांकडे जात. ओळीने बाळंत झालेल्या बाराजणींपैकी अकराजणी मेल्या. तेव्हा सेमेलवाइसला आपल्या सिद्धान्तातली उणीव कळली. विष प्रेतातूनच येते असे नाही, जिवंत माणसाच्या सडलेल्या व्रणातूनही येते. मग नियम बदलला. दारातच नव्हे, दर बाईच्या तपासणीनंतर हात धुवायचे. आपलेच म्हणणे अपुरे होते हे कबूल करून त्याने ते सुधारले. या माणसाची मला सर्वांत आवडलेली बाब ही.

याहूनही कठीण एक कबुली त्याने दिली. १८४७ च्या सुरुवातीस काही महिने दुसरा डॉक्टर त्याच्या जागी होता. त्या काळात मरणे कमी झाली होती. सेमेलवाइस मार्चच्या अखेरीस परत रुजू झाला, पुन्हा सकाळी शवागारात जाऊ लागला, आणि एप्रिलमध्ये ५७ बाया गेल्या. आपण इतर कोणाहीपेक्षा जास्त प्रेते उघडली, म्हणून आपल्या हातून किती बाया अकाली गेल्या ते देवालाच ठाऊक, अशा अर्थाचे त्याने पुढे स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. मेहनती माणसाच्या मेहनतीनेच घात व्हावा आणि तो त्याने उघड सांगावा, याला छाती लागते. सगळ्यांना ती नव्हती. कील शहरातील मिखाएलिस या प्रसूतितज्ज्ञाने क्लोरिनचे धुणे स्वीकारले, त्याचा गुण पाहिला, आणि त्याबरोबर आपल्या हातून झालेली मरणेही त्याला दिसली. त्यांत त्याची एक नात्यातली बहीणही होती. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्याने आगगाडीखाली जीव दिला. बाकीच्या बहुतेकांनी याहून सोपा मार्ग पत्करला. आपल्या हाताने असे काही होतच नाही, असे त्यांनी ठरवून टाकले.

१८४३ साली बॉस्टनमध्ये ऑलिव्हर वेन्डेल होम्स यानेही लिहिले होते की, हा ताप डॉक्टर एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेतात. त्याहीपूर्वी, १७९५ मध्ये, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने हेच सांगितले होते. होम्सवर फिलाडेल्फियाचे एक मोठे प्राध्यापक संतापले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. मित्रहो, या वाक्यापाशी जरा थांबा. यात वैद्यकाचा अंशही नाही, केवळ प्रतिष्ठा आहे. हात घाण आहेत असे मजुराला सांगता येते, आयेला मेमो देऊन सांगता येते. साहेबाला कोण सांगणार?

सेमेलवाइसने सांगितले आणि त्याची किंमत मोजली. अर्थात त्याच्या बाजूनेही चुका झाल्या. श्कोडा, हेब्रा, रोकिटान्स्की अशी मोठी माणसे त्याच्या पाठीशी उभी राहिली. हेब्राने १८४७ च्या अखेरीसच त्याचा शोध नियतकालिकात जाहीर केला. पण तो स्वतः कित्येक वर्षे लिहीत नव्हता. ग्रंथ निघाला तो १८६१ साली. तोवर विरोधकांनी अर्धीमुर्धी ऐकीव माहिती घेऊनच त्याला मोडीत काढले होते. विद्यार्थ्यांनी आळस केला की तो ओरडे. समजावून सांगण्याचा संयम त्याच्यापाशी कमी होता. १८४९ च्या मार्चमध्ये त्याची मुदत संपली, ती क्लाइनने वाढवली नाही. पुढच्या वर्षी प्राध्यापकीची अपुरी परवानगी मिळाली, ती अशी की पुतळ्यावरच शिकवावे. तो मित्रांचा निरोपही न घेता हंगेरीला निघून गेला. पेस्ट शहरातील सेंट रोखुस रुग्णालयात त्याच्या सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांमागे आठ मृत्यू झाले. व्हिएन्नात मात्र घंगाळ राहिले, पण हात सैल पडले, आणि आकडे पुन्हा चढू लागले. पुढे तो युरोपातील प्राध्यापकांना खुनी म्हणणारी उघड पत्रे लिहू लागला. १८६५ मध्ये त्याचे चित्त बिघडले. हेब्रानेच त्याला गोड बोलून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले. तेथे पंधरा दिवसांत, १३ ऑगस्टला, तो वारला. वय सत्तेचाळीस. अंगावर जखमा होत्या आणि रक्तात विष भिनले होते. ज्या विकाराशी तो आयुष्यभर झगडला, त्याच जातीच्या विकाराने त्याचा शेवट केला.

दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, लिस्टरने जखमांवर कार्बोलिक अ‍ॅसिड वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८७९ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चरने सूतिकाज्वराचे जंतू फळ्यावर काढून दाखवले. मग जगाला खात्री पटली. घंगाळ ठेवल्यापासून जंतू फळ्यावर येईपर्यंत बत्तीस वर्षे गेली. या बत्तीस वर्षांत कारण अज्ञात होते, पण उपाय ज्ञात होता. हा फरक आपण नेहमी विसरतो.

आता मी ज्यासाठी ही कथा सांगितली त्याकडे येतो. मार्च १८४८ मध्ये व्हिएन्नात क्रांती झाली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांनी आपले पथक उभारले, बंदुका घेतल्या, आणि मेटर्निखसारख्या मुत्सद्द्याला पळून जावे लागले. सभास्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य यांसाठी ही मुले मरायला तयार होती. त्याच मार्च महिन्यात पहिल्या विभागात २७६ बाळंतपणे झाली आणि एकही बाई दगावली नाही. कोणी म्हणेल, मुले रस्त्यावर होती म्हणून बाया वाचल्या. पण ऑगस्टमध्येही एकही मृत्यू नव्हता आणि सबंध वर्षाचे प्रमाण मी सांगितलेच आहे. तेव्हा श्रेय घंगाळाला दिले पाहिजे. मला यातून दिसते ते असे. क्रांतीसाठी रक्त सांडणे तरुणाला सोपे वाटते. दिवसातून वीस वेळा हात धुणे त्याला अवघड जाते. पहिल्यात लोक बघतात. दुसऱ्यात कोणी बघत नाही, टाळ्या पडत नाहीत, क्लोरिनने हात मात्र झोंबतात.

पण दोष मुलांवर टाकून मी मोकळा होणार नाही, कारण मग मीही व्हिएन्नाच्या त्या समितीसारखाच ठरेन. घंगाळ दाराजवळ होते, हे विसरू नका. ते शवागार आणि वॉर्ड यांच्या वाटेवर होते. शोधत जावे लागत नव्हते. रोज कोणीतरी ते भरीत होते, कोणीतरी पावडर आणीत होते, कोणीतरी आत येणाऱ्याकडे पाहत होते. ज्ञान विद्यार्थ्यांच्या डोक्यात असते, पण सवय जागेवर बसते. जागा नीट नसेल तर सवय टिकत नाही.

हे माझे एकट्याचे मत नव्हे. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात पाहणी झाली. हात स्वच्छ करण्याची गरज असताना प्रत्यक्षात शंभरात ४८ वेळाच ते केले जात होते. परिचारिकांपेक्षा डॉक्टर मागे होते. आणि काम जितके अंगावर येई, तितके धुणे कमी होई. कामाच्या रेट्याने नियम मोडतात, हे कोणत्याही युनियनवाल्याने कागद न पाहता सांगितले असते. तेथील लोकांनी भिंतीवर चित्रे लावली हे खरे, पण त्याबरोबर हात चोळण्याच्या औषधाची बाटली प्रत्येक खाटेपाशी आणि प्रत्येकाच्या खिशात दिली. तीन वर्षांत ४८ चे ६६ झाले आणि रुग्णालयात लागण होण्याचे प्रमाण शेकडा १७ वरून १० वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा सरासरी चाळीसपेक्षाही थोडी खालीच निघाली. सेमेलवाइसचा पुतळा सगळ्यांनी उभारला. घंगाळ मात्र सगळीकडे पोचले नाही.

आपल्या घरचेही पाहू. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले १८४५ मध्ये, व्हिएन्नाच्या घंगाळाआधी दोन वर्षे. आपल्या घरांत बाळंतिणीला दहा दिवस सोयर असे. त्यामागची समजूत वेगळी होती, पण परक्यांचे हात त्यामुळे थोडे दूर राहिले. सुईणीचा हात मात्र होता तसाच राहिला. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत गेले. त्या दुःखाने त्या डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या, आणि १८८६ साली त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. तेव्हा रोग आवरण्यासाठी सैनिक घराघरांत शिरले, लोकांचा मान, देवघर, स्वयंपाकघर काही पाहिले नाही, आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. नियम आरोग्याचा असला तरी ज्याच्यावर तो घालायचा त्याला माणूस म्हणून वागवले नाही, तर तो पाळला जात नाही. व्हिएन्नात सेमेलवाइसच्या ओरडण्याने जे झाले नाही, ते पुण्यात बंदुकीनेही झाले नाही.

२०२० साली करोना आला तेव्हा आपण सर्वांनी हे धडे पुन्हा गिरवले. दुकानाच्या दारात बाटली आली, चाळीच्या तोंडाशी बादली आणि साबण आला. शाळेतली पोरेसुद्धा वीस सेकंद मोजू लागली. दोन वर्षांत बाटल्या रिकाम्या झाल्या, बादल्या घरात गेल्या. ज्ञान आपल्यापाशी राहिले आहे. आज या मंडपातल्या कोणालाही विचारा, तो बरोबर उत्तर देईल. पण मंडपाबाहेर चहाचा स्टॉल आहे, त्याच्याशेजारी पाण्याची सोय कुठे आहे ते मी येताना पाहिले नाही. चिटणीस साहेब, ही तक्रार नाही, विनंती आहे.

त्या चार बायांचे काय झाले ते विचाराल म्हणून सांगतो. आम्ही मेमोला उत्तर दिले. त्यात भाषण लिहिले नाही. कोणत्या वॉर्डात किती नळ आहेत, त्यांतले किती चालू आहेत, एका पाळीत एका आयेकडे किती खाटा येतात, आणि साबण शेवटचा केव्हा मिळाला, एवढे चार रकाने भरून दिले. त्या कामात मला मदत केली ती त्याच दोन विद्यार्थ्यांनी. ते वॉर्डावॉर्डांतून वही घेऊन फिरले आणि प्रत्येक नळ स्वतः फिरवून पाहिला. मेमो मागे घेतले गेले. नळाला पाणी यायला मात्र आणखी सात आठवडे लागले. पाणी आले त्या दिवशी त्यांपैकी एक मुलगा मला म्हणाला, "काका, हे आम्हाला परीक्षेत कधी विचारलेच नव्हते." मी म्हटले, "व्हिएन्नातही विचारले नव्हते."

येथे बसलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. रोग कशाने होतो हे तुम्ही शिका, चित्रेही काढा. पण चित्र लावण्यापूर्वी खालचा नळ फिरवून पाहा. पाणी आले तर आधी आपले हात धुवा. आले नाही तर वही काढा आणि तारीख घालून लिहून ठेवा. व्हिएन्नातील त्या कारकुनांनी तसेच लिहून ठेवले होते, म्हणून पुढच्या बाया वाचल्या.